तुकडे केले म्हणजे गुपित राहिलं, असं नाही

दारव्हा तालुक्यातल्या आपल्या शेतकरी गटांत एक मेसेज फिरतोय: ‘कागदपत्रांचे तुकडे करून पाच सर्व्हरवर ठेवले, की एखादा सर्व्हर फुटला तरी चोरट्याला काहीच वाचता येत नाही.’ हे खरं नाही.

मेसेजात ज्या रीड-सोलोमन कोडचं नाव आहे, तो 1960 सालचा. पाचांपैकी कोणतेही तीन तुकडे हाती असले की पूर्ण फाइल परत मिळते, हे त्याचं काम. म्हणजे नुकसानीपासून संरक्षण. पण नेहमीच्या मांडणीत पहिले तीन तुकडे मूळ फाइलचेच असतात! त्यातला एक मिळाला तरी कितीतरी खातेक्रमांक उघडे पडतील.

गुपित राखायचं तर आत यादृच्छिक आकडे मिसळावे लागतात. संगणकशास्त्रज्ञ अदी शमीर यांनी 1979 मध्ये दाखवलेली वाट हीच. समजा, लपवायचा अंक 7. चिठ्ठी उचलून 5 आला. एका जागी 5 ठेवा, दुसऱ्या जागी बेरजेचा शेवटचा अंक, 2. एकटा 5 किंवा एकटा 2 पाहून काही कळत नाही. याची किंमत मोजावी लागते: पाच-तीनच्या रचनेत एक सर्व्हर चोरट्याच्या हाती लागेल असं धरलं, तर तीनऐवजी दोनच तुकड्यांएवढा मजकूर मावतो.

आणखी एक, फार महत्त्वाचं. बिघडलेल्या सर्व्हरच्या जागी नवा उभा करताना बाकीचे त्याला माहिती पाठवतात. ती वाहतूक ऐकणाऱ्याला साठवलेल्या तुकड्यापेक्षा जास्त कळू शकतं.

म्हणून सातबारा, पासबुकाचे फोटो चढवण्याआधी ती साठवणाऱ्यांना विचारा: तुकडे करण्याआधी फाइल किल्लीने कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, करता का?