‘लिमिट म्हणजे फक्त किंमत टाका’ हे खरं नाही

अकरावीत लिमिटचा (क्ष एखाद्या आकड्याजवळ नेला की फंक्शनची किंमत ज्या आकड्याजवळ जाते, त्याचा) धडा आला की ठाण्यापासून नेरूळपर्यंतच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं: लिमिटमध्ये समजण्यासारखं काही नाही. क्षची किंमत टाका, येईल तेच लिमिट. शून्य भागिले शून्य आलं तर वर-खाली डिफरन्शिएट करा (म्हणजे बदलाचा दर, डेरिव्हेटिव्ह, काढा). अडलात तर कॅल्क्युलेटरवर जवळचे आकडे टाकून बघा. आणि हो, लिमिटपर्यंत फंक्शन कधीच पोचत नाही. मी ठाण्याच्या नौपाड्यात अकरावी-बारावीला गणित शिकवते. मेसेज पाठवणाऱ्यांना मुलांचं भलंच हवं असतं, पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

‘किंमत टाका, येईल तेच लिमिट.’ हे फंक्शन त्या बिंदूपाशी संतत असेल, म्हणजे त्याचा आलेख तिथे तुटत नसेल, तरच. (क्ष² − ४)/(क्ष − २) ला २ पाशी किंमतच नाही, तरी लिमिट ४ आहे. उद्या कोणी तिथली किंमत मुद्दाम १०० ठरवली, तरीही लिमिट ४ च. आजूबाजूला काय चाललंय एवढंच लिमिट बघतं.

‘शून्य भागिले शून्य आलं की डिफरन्शिएट करा.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. १६९६ साली फ्रेंच गणिती लोपितालच्या पुस्तकात छापलेला हा नियम (शोध मुळात योहान बर्नुलीचा) खराच आहे, पण त्याला अटी आहेत आणि मेसेजमध्ये एकही नाही. ऐरोलीहून येणाऱ्या एका मुलीच्या वहीत (क्ष² + क्ष − २)/(क्ष² − १) हे गणित होतं, क्ष १ कडे जाताना. तिने एकदा डिफरन्शिएट केलं: (२क्ष + १)/२क्ष. इथे १ टाकला की ३/२ मिळतं, विषय संपला. पण शून्य भागिले शून्य अजून उरलंय का हे तिने तपासलंच नाही, पुन्हा एकदा डिफरन्शिएट केलं आणि उत्तर लिहिलं १. वर-खाली (क्ष − १) हा अवयव काढला असता तर ते दोन ओळींत सुटलं असतं, आणि शून्य नेमकं कशामुळे येतंय तेही दिसलं असतं.

साइन क्ष भागिले क्ष, क्ष ० कडे जाताना, याला तर हा नियम लावणं म्हणजे गोल फिरणं. साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन येतं हे सिद्ध करतानाच हे लिमिट १ आहे असं वापरलेलं असतं. म्हणून वर्तुळातल्या त्रिकोणाचं आणि वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ ताडून ते आधी काढावं लागतं. ती आकृती मुलांनी हाताने काढावी असं मला फार वाटतं, कारण कोन रेडियनमध्येच का घ्यायचा ते तिथेच कळतं. अंशात घेतलात तर हेच लिमिट १ न येता π/१८० येतं, म्हणजे सुमारे ०.०१७४५.

‘कॅल्क्युलेटरवर जवळचे आकडे टाका.’ क्ष ० कडे जाताना साइन(π/क्ष) मध्ये ०.१, ०.०१, ०.००१ टाका; दरवेळी शून्य. आता २/२०१ टाका, उत्तर १. लिमिट अस्तित्वातच नाही. एक्सेलमध्ये (१ − कोसाइन क्ष)/क्ष² ला क्ष = ०.०००००००१ दिलात तर शून्य दिसेल. खरं उत्तर १/२ आहे. इतक्या लहान कोनाचा कोसाइन एक्सेल १ धरतं.

‘कधीच पोचत नाही.’ स्थिर फंक्शन सगळीकडे आपल्या लिमिटवरच असतं. क्ष × साइन(१/क्ष) तर शून्याकडे जाताना अनंत वेळा शून्याला शिवतं. व्याख्या वेगळंच विचारते. ३क्ष + १ चं २ पाशी लिमिट ७. तुम्ही म्हणालात, ७ पासून ०.०१ च्या आत राहा, तर क्षला २ पासून ०.००३ च्या आत ठेवते, भागलं. तुम्ही ०.०००१ मागितलंत तर ०.००००३. मागाल त्या अंतराला असं उत्तर देता आलं पाहिजे, एवढीच अट. पोचतं की नाही हा प्रश्न त्यात येतच नाही.