‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेटणारंच

पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. त्यावरून इंग्रजीचा धडा देणारा एक मेसेज बरीच वर्षं फिरतोय, तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. धडा असा: इंग्रजीत ‘इन’ म्हणजे ‘नाही’. ‘करेक्ट’चं ‘इनकरेक्ट’ होतं, तसं ‘फ्लेमेबल’ म्हणजे पेटणारं आणि ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारं. मूळ शब्द ‘फ्लेमेबल’, तेव्हा टँकरवरची पाटीच चुकली. याचा एक भाऊ आहे, तो जरा अभ्यासू दिसतो: ‘फ्लेमेबल’ म्हणजे ठिणगी लागल्यावर पेटणारं, ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे आपोआप पेटणारं.

दोन्ही चूक. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, ज्वलनशील. एरवी शब्दांच्या अशा गमती मी सोडून देते, पण हा शब्द डब्यांवर, बाटल्यांवर आणि टँकरवर जीव वाचवण्यासाठी लिहिलेला असतो. त्याचा उलटा अर्थ लोकांच्या डोक्यात बसणं मला चालत नाही.

आधी ‘इन म्हणजे नाही’ हे बघू. लॅटिनमधून इंग्रजीत दोन वेगळे ‘इन’ आले. एक नकाराचा, ‘इनकरेक्ट’मधला. दुसरा ‘आत, मध्ये’ या अर्थाचा, ‘इन्हेलर’मधला. ‘इन्फ्लेमेबल’मध्ये हा दुसरा आहे. ‘फ्लामा’ म्हणजे ज्वाळा आणि ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणं. याच घरातला ‘इन्फ्लमेशन’ हा शब्द आपण दवाखान्यात सतत ऐकतो. गुडघा सुजतो, लाल होतो, हात लावला तर गरम लागतो आणि डॉक्टर म्हणतात, इन्फ्लमेशन आहे. मराठीत त्याला दाह म्हणतात. तिथे ‘इन’ ऐकून कुणी आग विझली असं समजत नाही.

आपल्याकडेही उपसर्ग असेच दोन्हीकडे जातात. ‘विफल’मधला ‘वि’ फळ काढून घेतो, ‘विख्यात’मधला ‘वि’ ख्याती वाढवतो. विख्यात गायकाला आपण अनोळखी ठरवत नाही.

‘फ्लेमेबल’ मूळ शब्द आणि ‘इन्फ्लेमेबल’ त्याचं उलटं, हा क्रमही चुकीचा आहे. ‘इन्फ्लेमेबल’ इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. ‘फ्लेमेबल’ दिसतो तो एकोणिसाव्या शतकात, आणि तेव्हाही तो फारसा रुळला नाही. त्याला खरी चालना मिळाली १९२० च्या दशकात. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला, कारण ‘इन’मुळे वाचणाऱ्याची फसगत होऊ शकते, हे त्यांना दिसत होतं. १९५९ मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही हेच धोरण घेतलं: ‘फ्लेमेबल’ आणि ‘नॉन-फ्लेमेबल’ वापरा. मेसेज लिहिणाऱ्याचा गोंधळ एका अर्थी खराच आहे, तज्ज्ञांनी तो केव्हाच ओळखला होता. फक्त त्यांनी जुन्या शब्दाचा अर्थ उलटा ठरवला नाही, सोपा शब्द पुढे केला. म्हणून नव्या लेबलांवर बहुतेक वेळा ‘फ्लेमेबल’ दिसतं.

भारतात जुना शब्द कायद्यातच बसलेला आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात पेट्रोलियमची व्याख्या करताना ‘इन्फ्लेमेबल’ मिश्रणाचा उल्लेख येतो. टँकर रंगवणाऱ्याने चूक केलेली नाही.

आता ‘आपोआप पेटणारं’. असे पदार्थ असतात. पांढरा फॉस्फरस हवेत आला की पेट घेऊ शकतो, म्हणून तो पाण्याखाली ठेवतात. पण त्यांच्यासाठी इंग्रजीत ‘पायरोफोरिक’ हा वेगळा शब्द आहे. पेट्रोल त्यातलं नाही. ठिणगी किंवा ज्योत नसताना ते पेटायला अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान लागतं.

मग लोकांना ते आपोआप पेटल्यासारखं का वाटतं? कारण जळते ती वाफ. द्रव किती तापमानाला पेटण्याइतकी वाफ सोडतो, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडे थंडीच्या पहाटेसुद्धा उघड्या कॅनमधून पेटण्याइतकी वाफ निघतच असते. ही वाफ हवेपेक्षा कितीतरी जड असते. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत उताराकडे सरकते, गटारात उतरते, आणि दूर कुठेतरी चालू स्टोव्ह, बिडी किंवा गाडीच्या स्टार्टरची ठिणगी तिला भेटते. भडका तिथून उलटा डब्यापर्यंत येतो. डब्याजवळ उभ्या माणसाला ठिणगी दिसलेलीच नसते, मग तो म्हणतो, आपोआप पेटलं. हा गैरसमज मला पहिल्याइतकाच वाईट वाटतो, कारण त्यातून ‘आपण काडी ओढत नाही ना, मग झालं’ अशी बेफिकिरी येते.

आपल्याकडच्या पेट्रोलियम नियमांत वर्गवारीही फ्लॅश पॉइंटवरच आहे: २३ अंशांखाली ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ च्या आत ‘ब’, ६५ ते ९३ च्या आत ‘क’. पेट्रोल ‘अ’मध्ये, रॉकेल आणि डिझेल ‘ब’मध्ये. पाटीवर ‘फ्लेमेबल’ आहे की ‘इन्फ्लेमेबल’ यावर काहीच ठरत नाही.

टँकर सिग्नलला पुढे उभा असेल तर शब्दाऐवजी मागचा फलक वाचा. लाल चौकोन कोनावर उभा, त्यात ज्योत, खालच्या टोकाला ३ हा आकडा: ज्वलनशील द्रव. शेजारी १२०३ असेल तर आत पेट्रोल आहे, हा आकडा जगभर तोच. बरोबर ‘३ वाय ई’ असा संकेत असतो, तो अग्निशमन दलासाठी. या संकेतातला ३ म्हणजे आग विझवायला फोम (फेस) वापरा. ‘वाय’ म्हणजे स्फोटक भडक्याचा धोका आहे आणि सांडलेलं गटारात जाऊ देऊ नका. ‘ई’ म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. ही सगळी माहिती एका हातभर फलकावर असते.

१३ जून २०२३ ला मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ टँकर उलटून पेटला, जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं आणि चार जणांचा जीव गेला. २०१७ च्या जूनमध्ये पाकिस्तानात बहावलपूर जिल्ह्यात उलटलेल्या टँकरचं पेट्रोल भरून घ्यायला लोक जमले होते, तेव्हा भडका उडून दोनशेहून जास्त माणसं गेली. ही माणसं पाटी चुकीची वाचून गेली, असं मी म्हणत नाही. पण सांडलेल्या टँकरपासून लांब पळायचं, हे कळायला पाटीवरचा शब्द सरळ कळावा लागतो.

घरातही तेच. थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रावण, सॅनिटायझर, डिओडोरंटचा डबा, कुणावर ‘फ्लेमेबल’ असेल, कुणावर ‘इन्फ्लेमेबल’. दोन्ही प्रकारचे डबे गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब ठेवायचे.

न पेटणाऱ्यासाठी शब्द आहे ‘नॉन-फ्लेमेबल’, आणि अशा वायूंच्या सिलिंडरवर हिरवा चौकोन असतो. तिथे मात्र ऑक्सिजन लक्षात ठेवा. तोही नॉन-फ्लेमेबलमध्येच मोडतो, कारण तो स्वतः जळत नाही. पण तो दुसऱ्याला जोरात जाळतो, म्हणून त्याच्यावर हिरव्याबरोबर पिवळा चौकोनही लावतात. घरी रुग्णासाठी सिलिंडर आणला असेल तर त्या खोलीत उदबत्तीसुद्धा लावू नका, आणि त्याच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका.