‘हॅस्केल गावात कायले?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण तुम्ही एररचा मजकूर जसाच्या तसा डकवलाय, म्हणून उत्तर द्यायला हुरूप आला. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हॅस्केल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत छोटं वेब-ॲप कसं सुरू करायचं यावर मी लिहिलं होतं. तुम्ही दिग्रसजवळच्या गावात, ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते करून पाहिलं. दिवसाचा डेटा डाउनलोडमध्येच संपला. मग डिपेंडन्सी (आपला कोड ज्यांच्यावर टेकतो त्या इतरांच्या लायब्रऱ्या) जुळत नाहीत म्हणून बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणं, अडलं. जुनी लायब्ररी काढून टाकून पुढं गेलात तर लॅपटॉप गोठला. शेवटी दुसऱ्या एका लेखातून उचललेला जेसनचा (माहिती मजकुराच्या रूपात पाठवायच्या पद्धतीचा) कोड कंपाइलच होईना. वर तुमचा सवाल: “पीएचपी असताना लोकायले कायले भरीस पाडता? इथं हॅस्केलची नोकरी कोन देते?”

नोकरीचं आधी उरकतो. तालुक्याच्या ठिकाणी हॅस्केलची जागा निघाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. दुकानाची वेबसाइट, मंगल कार्यालयाचं बुकिंग, शाळेचं पान यासाठी पीएचपी घ्या, वर्डप्रेस घ्या, संध्याकाळपर्यंत काम उभं राहतं. तिथं हॅस्केल घेऊन जाणं म्हणजे हौस. माझा लेख हिशेबाच्या ॲपबद्दल होता आणि तो फरक तुमच्या प्रतिक्रियेत गळालाय.

वेचणीचाच हिशेब घ्या. बांधावर काट्यावर प्रत्येक बाईचा कापूस किलोत मोजला जातो, मजुरी किलोमागे ठरते, विक्रीचा भाव क्विंटलमागे असतो आणि आठवड्याच्या चुकाऱ्यातून आधी दिलेली उचल वजा होते. कॉम्प्युटरच्या लेखी हे चारही नुसते आकडे. किलोचा आकडा क्विंटलच्या जागी गेला की हिशेब शंभर पटीनं चुकतो आणि पान मात्र हसतमुखानं उघडतं. हॅस्केलमध्ये ‘न्यूटाइप’ वापरून किलो आणि क्विंटल हे दोन वेगळे टाइप, म्हणजे माहितीचे प्रकार, करता येतात. प्रोग्रॅम चालताना त्याचा काही भार पडत नाही, पण किलो मागणाऱ्या फंक्शनला क्विंटल दिला की कंपायलर (आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) तिथंच अडवतो. ‘कंपाइल झालं म्हणजे बरोबर झालं’ हा दावा तुम्ही माझ्या तोंडी घातलाय, तो माझा नाही. उचल वजा करण्याऐवजी तुम्ही मिळवली तर कंपायलर चूं करणार नाही.

आता तुमची एरर. तुम्हाला ती भाषेची खोड वाटली, मला ती डिपेंडन्सीची वाटते, आणि माझं सगळं म्हणणं त्या एका फरकावर उभं आहे. तुम्ही डकवलेल्या मजकुरातली कामाची ओळ एकच: बेस-४.१९.१.० नाकारलं, कारण सेशन (कोण लॉगिन आहे ते) सांभाळणाऱ्या त्या जुन्या लायब्ररीला बेस ४.१८ च्या खालचं हवंय. ‘बेस’ हे पॅकेज कंपायलरसोबतच येतं, ते वेगळं बदलता येत नाही. जीएचसी (हॅस्केलचा कंपायलर) ९.४ सोबत बेस ४.१७, ९.६ सोबत ४.१८, ९.८ सोबत ४.१९. म्हणजे तुमच्याकडे जीएचसी ९.८.२ आहे, आणि ती लायब्ररी लिहिणाऱ्यानं वरची हद्द घातली तेव्हा बेस ४.१८ बाजारात आलंच नव्हतं. हॅस्केलवाल्यांत आवृत्त्यांच्या क्रमांकाचा एक संकेत आहे: पहिले दोन आकडे मिळून मोठा बदल. अजून न आलेल्या आवृत्तीवर आपला कोड चालेलच असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून जपून वागणारा माणूस हद्द घालून ठेवतो. ‘याच्यापुढं मी तपासलेलं नाही’ एवढाच त्या हद्दीचा अर्थ.

यातून दोन वाटा निघतात. जीएचसीअप या कंपायलर उतरवायच्या साधनातून कंपायलर ९.४ वर आणा, किंवा प्रोजेक्टच्या फाइलमध्ये त्या एका पॅकेजपुरतं ‘अलाउ-न्यूअर’ लिहा आणि कंपाइल होतं का बघा. बऱ्याचदा होतं. पण नव्या माणसानं पहिल्याच दिवशी दुसऱ्या वाटेला जाऊ नये, कारण मग आलेली पुढची एरर स्वतःच्या कोडची की त्या लायब्ररीची हे कळत नाही.

यापेक्षा बरं म्हणजे हा प्रसंगच न येऊ देणं. कंपायलर कुठला ते प्रोजेक्टच्या फाइलीत ‘विथ-कंपायलर’ लिहून बांधून टाका. दुसरं, ‘इंडेक्स-स्टेट’ लिहून तारीख बांधा. हॅकेज या हॅस्केलच्या पॅकेज-भांडारावरच्या पॅकेजांची सूची अशी ठेवलेली असते की तिच्यात नुसती भर पडत जाते, जुनं खोडलं जात नाही. त्यामुळे कॅबलला (पॅकेजं उतरवून बिल्ड करणाऱ्या साधनाला) सांगता येतं की बाजार समितीच्या त्या अमुक दिवसाच्या भावफलकावरच हिशेब कर, आजच्या नको. असं केलं की तुम्ही आज करा की पुढच्या हंगामात, आवृत्त्यांची तीच जुळणी निघते. बिल्ड एकदा यशस्वी झालं की लगेच ‘कॅबल फ्रीझ’ चालवा. नेमक्या आवृत्त्यांची फाइल तयार होते, ती गिटमध्ये टाका. मित्राच्या मशीनवर चालतं आणि माझ्यावर नाही, ही भांडणं तिथंच मिटतात.

हे सगळं पूर्वी फार वाईट होतं हेही सांगून ठेवतो. पॅकेजं सगळ्या प्रोजेक्टांत मिळून एकाच ठिकाणी बसायची आणि एकासाठी नवं टाकलं की दुसरं मोडायचं. ‘कॅबल हेल’ हे नाव तेव्हाचं. २०१५ साली स्टॅक हे कॅबलसारखंच दुसरं साधन आलं, त्यानं स्टॅकेजवरचे एकमेकांशी जुळलेले ठरीव संच वापरायची सोय केली. कॅबलमध्येही २०१६ पासून प्रत्येक प्रोजेक्टची जुळणी वेगळी ठेवायची नवी पद्धत आली आणि २०१९ मध्ये ३.० आवृत्तीपासून तीच आपोआप लागू होऊ लागली. तुम्ही इंटरनेटवर वाचलेल्या शिव्या बहुतेक त्याआधीच्या असाव्यात.

स्टॅक की कॅबल, हा तुमचा वैताग मात्र मला पटतो. दोन्ही चांगली आहेत, पण दोन्ही एकदम घेऊ नयेत. तुमचा डेटा तिथंच गेला असणार. जीएचसीअपनं एक कंपायलर उतरवला. मग तुम्ही स्टॅक चालवलं, आणि त्याला जीएचसीअपशी जोडलेलं नसेल तर ते आपला स्वतःचा कंपायलर वेगळा उतरवतं. एकच जड वस्तू दोनदा. वर जीएचसीअपनं लँग्वेज सर्व्हरचं (लिहिता लिहिता एडिटरमध्ये चुका दाखवणाऱ्या मदतनिसाचं) विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हटलं. ४ जीबी रॅमवर त्याला नाहीच म्हणायचं. त्याऐवजी जीएचसीआयडी ठेवा: फाइल सेव्ह केली की एरर दाखवतं, बाकी लुडबुड नाही. मी कॅबल वापरतो, तुम्हाला स्टॅक आवडत असेल तर खुशाल तेच वापरा. स्टॅकेजचा ‘एलटीएस २२’ हा संच जीएचसी ९.६ वर आहे, तो धरा आणि सहा महिने हलू नका.

नेटचं गणित असं. तालुक्याला गेलात, कोणाकडे चांगलं वायफाय मिळालं की तिथं बसून ‘कॅबल अपडेट’ करा आणि मग ‘ओन्ली-डाउनलोड’ हा पर्याय देऊन बिल्ड चालवा. कंपाइल काहीच होत नाही, पॅकेजांचे सोर्स तेवढे उतरतात. घरी येऊन ‘ऑफलाइन’ लावून बिल्ड करा. त्याहीआधी एकदा ‘ड्राय-रन’ करून नुसती यादी वाचत जा. कुठल्या लायब्ररीमागं किती पॅकेजं ओढली जातात ते तिथंच दिसतं आणि अर्धा मोह आपोआप गळतो. स्कॉटी ही छोटी वेब-लायब्ररी घेतली तरी तिच्यामागून वार्प (वेब-सर्व्हर) आणि एसन (जेसन वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) येतातच, आणि एसन कंपाइल व्हायला दमवतं. येसॉड किंवा सर्व्हंट या दुसऱ्या वेब-लायब्रऱ्या पहिल्या ॲपला घेऊच नका. सर्व्हंट फार सुंदर आहे, अख्खा एपीआय (ॲपला बाहेरून काय काय विचारता येतं ते) टाइपमध्ये लिहिता येतो, पण त्याच्या एरर वाचायला आधी भाषेची सवय लागते.

लॅपटॉप का गोठला? कॅबल एकाच वेळी जेवढे प्रोसेसर तेवढी पॅकेजं कंपाइल करायला घेतं आणि जीएचसीची भूक रॅमचीच. ‘जॉब्स’ १ वर ठेवा. वेळ जास्त लागेल, पण मशीन हातात राहील. स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नसेल तर करून घ्या. आपल्या कोडपुरतं ‘ऑप्टिमायझेशन’ बंद ठेवा, शिकताना त्याची गरज नाही. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांत दुपारी हे लावून बसू नका, लॅपटॉप तापून आपणहून मंदावतो. पहाटे लावा. मध्येच लाइन गेली तर घाबरायचं कारण नाही. जे पॅकेज पूर्ण झालं ते कॅबलच्या साठ्यात जमा झालेलं असतं, लाइन आल्यावर तिथून पुढं सुरू होतं. हाच साठा दुसऱ्या प्रोजेक्टलाही चालतो, आवृत्त्या आणि कंपायलर तेच असतील तर. पहिलं बिल्ड अंत पाहतं आणि दुसरं झटक्यात होतं ते यामुळेच.

जेसनचा कोड का चालला नाही, तर तो लेख जुना होता. एसनच्या २.० आवृत्तीत, २०२१ साली, ऑब्जेक्टच्या (जेसनमधल्या किल्ली आणि किंमत अशा जोड्यांच्या गठ्ठ्याच्या) आतली रचना बदलली. आधी तो टेक्स्ट-किल्ल्यांचा साधा हॅशमॅप होता आणि मुद्दाम रचलेल्या किल्ल्या पाठवून कोणीही सर्व्हर जाम करू शकत होता. आता ‘की’ नावाचा वेगळा टाइप आहे. म्हणून तुम्हाला ‘की आणि टेक्स्ट जुळत नाहीत’ अशी एरर आली. लेखातल्या कोडवर तारीख नसेल तर तो एसन १ चा की २ चा हे आधी पाहायचं. खरं तर तुमच्या कामाला ऑब्जेक्टमध्ये हात घालायची गरजच नाही. रेकॉर्ड लिहा, ‘जेनेरिक’वरून इन्स्टन्स (जेसनमध्ये रूपांतर करणारा कोड) काढून घ्या, किल्ल्यांशी गाठच पडत नाही.

डेटाबेससाठी तुम्ही पोस्टग्रेस लावायला गेलात आणि तिथं पीजी-कॉन्फिग सापडत नाही म्हणून अडलात. ती अडचण हॅस्केलच्या बाहेरची आहे: सिस्टिमवर लिबपीक्यूचं (पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या सी लायब्ररीचं) डेव्हलपमेंट पॅकेज नाही. जीएमपी किंवा झेडलिब या सी लायब्रऱ्या सापडत नाहीत अशी लिंकरची (सगळे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमची) तक्रार आली तरी इलाज तोच, त्याचं डेव्ह पॅकेज टाका. पण एका गटाच्या वेचणीच्या हिशेबाला पोस्टग्रेस हवंच कशाला? एसक्यूलाइट-सिंपल घ्या. त्याच्या पोटातल्या पॅकेजमध्ये एसक्यूलाइटचा सी कोड सोबतच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि सगळा हिशेब एका फाइलीत राहतो.

पुढं दोन जागी अडाल, त्या आत्ताच सांगतो. सर्व्हरवर जीएचसी टाकायचं नाही, तयार झालेली एक बायनरी (थेट चालणारी फाइल) नेऊन ठेवायची. मात्र तुमच्याकडे उबुंटू २२.०४ आणि सर्व्हरवर २०.०४ असेल तर बायनरी ‘जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३४ सापडत नाही’ म्हणून उठणारच नाही. बिल्ड सर्व्हरइतक्याच किंवा त्याहून जुन्या सिस्टिमवर करायचं.

दुसरी जागा खास मराठीची. पान ब्राउझरमध्ये नीट दिसतं, पण मजुराचं नाव लॉगमध्ये छापायला गेलं की ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणत रिक्वेस्ट कोसळते. सिस्टिमडीखाली (लिनक्सवर सर्व्हिस चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅमखाली) चालणाऱ्या प्रोग्रॅमला बऱ्याचदा ‘लँग’, म्हणजे भाषेची आणि अक्षरांची सेटिंग, ठरवून दिलेलं नसतं, मग जीएचसी आउटपुट आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांची पद्धत) धरून चालतं आणि देवनागरी त्यात बसत नाही. सर्व्हिस फाइलमध्ये लँग सी-यूटीएफ-८ ठेवा, किंवा मेनच्या पहिल्याच ओळीत सेट-लोकेल-एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. आणि नावांचे रकाने सरळ यावेत म्हणून टेक्स्टची लांबी मोजायला जाऊ नका. ‘स्त्री’ची लांबी ६ येते, कारण हलन्त आणि वेलांटीही वेगवेगळी मोजली जाते. रकाने एचटीएमएलच्या टेबलवर सोडा.

तुमची कॅबल फाइल आणि ड्राय-रनची यादी इथंच खाली डकवा. ती सेशनची लायब्ररी मला तरी अनावश्यक वाटते. चार माणसांच्या लॉगिनला सही केलेली कुकी पुरते, पण यादी पाहिल्याशिवाय ती कायमची काढा असं म्हणत नाही.