‘रिट टाकू’ म्हणण्याआधी

काल एक पक्षकार निशाणी 5, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरच्या आदेशाची नक्कल घेऊन आले. तूर्तातूर्त मनाई (दाव्याचा निकाल लागेपर्यंतची) नामंजूर. “वकीलसाहेब, कोल्हापूरला रिट टाकूया,” म्हणजे थेट उच्च न्यायालयात अर्ज. म्हटलं, अण्णा, याला जिल्हा न्यायालयात अपील आहे, तीस दिवसांची मुदत आहे. ते सोडून वर कुठं जाता?

18 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या सांगलीच्या माणसाला एका तारखेसाठी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागायची. पण बेंच जवळ आलं म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 चं, म्हणजे खालच्या कोर्टांवरच्या उच्च न्यायालयाच्या देखरेखीचं दार रुंद झालेलं नाही. खालचं कोर्ट आपल्या अधिकाराच्या हद्दीत चालतंय का, एवढंच तिथं बघतात. पुरावा नव्याने तोलत नाहीत. सर्वोच्च न्यायालय हे 1954 पासून सांगतंय. 2015 ला राधेश्याम प्रकरणात तर ठरूनच गेलं, की दिवाणी कोर्टाच्या न्यायिक आदेशावर अनुच्छेद 226 ची रिट चालत नाही, 227 खालीच जायचं. (आपल्या उच्च न्यायालयात त्यालाही नंबर ‘रिट पिटीशन’चाच पडतो, म्हणून लोक रिटच म्हणतात.) 2002 पासून अंतरिम (निकालाआधीच्या) आदेशांवरचं रिव्हिजन, म्हणजे उच्च न्यायालयातली फेरतपासणी, जवळजवळ बंद झालं, तेव्हापासून लोंढा इकडेच वळलाय.

हे दार कशासाठी आहे तेही पाहिलंय. वाटपाच्या दाव्यात माझे एक प्रतिवादी, वय सत्तरच्या पुढं. खुब्याचं ऑपरेशन झालं, 90 दिवसांत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) गेली नाही, दावा तिच्याशिवायच चालवायचा ‘विना कैफियत’ आदेश झाला. डिस्चार्ज कार्ड जोडून अर्ज दिला. त्यावर दीड ओळ: “कारण समाधानकारक नाही. अर्ज नामंजूर.” कार्डाचा उल्लेखसुद्धा नाही! साध्या दिवाणी दाव्यात ही मुदत सबळ कारण असेल तर वाढवता येते, हे 2005 पासून ठरलेलं आहे. उच्च न्यायालयाने खर्च भरण्याच्या अटीवर कैफियत घ्यायला लावली. जमीन कुणाची, यावर एक अक्षर काढलं नाही. माणसाचं म्हणणंच ऐकून घेतलं जात नसेल तर वर जायलाच हवं, आणि अशा वेळी मी एक दिवसही थांबणार नाही.

पण दुसऱ्या एका दाव्यात समोरच्यांनी दुरुस्ती अर्ज, कोर्ट कमिशनर, साक्षीदार परत बोलावणं, प्रत्येक आदेश वर नेला. एकदाही स्थगिती मिळाली नाही, तरी “वर पिटीशन पेंडिंग आहे” म्हणून इथं तारखा पडत राहिल्या. रोजनाम्याची (तारखेतारखेच्या नोंदींची) पानं वाढली, पुरावा जागचा हलला नाही. माझ्या पक्षकार मावशी दर तारखेला पिशवीत सातबारा घेऊन यायच्या, विचारायच्या, “आज माझी साक्ष हाय का?” ती झालीच नाही. त्यांच्या नावापुढं ‘मयत’ लिहून वारस लावायचा अर्ज मीच दिला.

अण्णांना आज संध्याकाळी अपिलाच्या मेमोवर सहीला बोलावलंय.