प्रलय आणि कुरडया

फेब्रुवारी संपत आला होता. सकाळी सव्वासातला घराबाहेर पडताना हवा बऱ्यापैकी गार होती म्हणून आईने मला हाफ स्वेटर घालायला लावला. माझं वय चव्वेचाळीस, पण ते तिला कोण सांगणार. कांदिवलीला एसी लोकल मिळाली त्यामुळे लोअर परळपर्यंत तो स्वेटर सत्कारणी लागला, आणि दुपारी जेवायला खाली उतरलो तर रस्त्यावर अक्षरशः भट्टी, वडापावची गाडी लावतात त्या माणसाने गॅस बंद ठेवला असता तरी वडे तळून निघाले असते. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता म्हणे. किनाऱ्यावरच्या गावांना ३७ डिग्री झाले आणि ते नेहमीपेक्षा साडेचारने जास्त असले की लाट म्हणतात, असं मी तिथेच उभं राहून मोबाईलवर वाचलं आणि घाम पुसला. कशाने पुसला? स्वेटरने.

घरी आलो तर लिफ्टपाशी अण्णा उभे.

अण्णा म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे. रिटायर्ड, वय बहात्तर, तब्येत ठणठणीत आणि जगबुडीवर गाढ श्रद्धा. माझ्या हातातला ओला स्वेटर बघून म्हणाले, "बघितलंस ना? सकाळी थंडी, दुपारी वणवा. पृथ्वीचा आस कलंडलाय."

मी म्हटलं अहो अण्णा, तो साडेतेवीस अंशात कलंडलेलाच आहे, म्हणून तर ऋतू होतात. आणि आजचं कारण शाळेच्या भूगोलात होतं, खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि आपल्याला जरा गार करतात, ते दुपारी उशिरा आले आणि तोवर पूर्वेकडून कोरडे वारे येत राहिले की मुंबई तापते. आस वगैरे हलला असता तर ध्रुवतारा जागेवर दिसला नसता.

"तुला दिसतो का ध्रुवतारा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या उत्तरेला रिडेव्हलपमेंटचा चौतीस मजली टॉवर उभा राहिलाय.

तर असे अण्णा. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी कधी येणार हे कोणीही विचारलं तरी त्याखाली अण्णांचा फॉरवर्ड असतोच. एकदा आला, आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाईल बंद करून लांब ठेवा. हा तोच मेसेज आहे जो गेली कित्येक वर्षं फिरतोय आणि त्यात तारीख कधीच नसते, नुसतं "आज रात्री". मी मोबाईल चालू ठेवला, अण्णांनी बंद केला, आणि त्या रात्री दीड वाजता अण्णांच्याच लेकीचा फोन मला आला की बाबा फोन उचलत नाहीयेत, जरा खाली जाऊन बघता का. गेलो. चप्पल न घालता. अण्णा गाढ झोपलेले, दार उघडून पहिला प्रश्न, "तुझा चालू कसा?"

मग एका जुलैत दुसरा आला, पृथ्वी सूर्यापासून लांब चालली आहे, त्यामुळे भयंकर थंडी, अंगदुखी, सर्दी, सगळ्यांनी सुंठ घ्यावी. सुंठीला माझा विरोध नाही. पण पृथ्वी दर वर्षी जुलैच्या सुरुवातीला लांब जातेच, साधारण १५ कोटी २१ लाख किलोमीटर, आणि जानेवारीच्या सुरुवातीला जवळ येते, १४ कोटी ७१ लाख. म्हणजे आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो तेव्हा अण्णा माकडटोपी घालून दूध आणायला जातात. हे मी त्यांना सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे बघ किती बिघडलंय सगळं."

खरं सांगू का, अण्णांना मी हसतो पण त्यांचा अनुभव दांडगा आहे. ते एक दोन नाही, चांगले सहा सात प्रलय जगून आलेत. पहिला १९६२ चा. तेव्हा ते नऊ वर्षांचे, गिरगावात चाळीत राहायचे. त्या जानेवारीत मुंबईत अशी थंडी पडली की २२ तारखेला सांताक्रूझला ७.४ डिग्री नोंदले गेले, तो विक्रम अजून कायम आहे. चाळीत कोणाकडे धड गरम कपडे नव्हते, लोक सतरंज्या पांघरून गॅलरीत बसलेले. आणि त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत ३ ते ५ फेब्रुवारी अष्टग्रही. आठ ग्रह मकर राशीत जमणार (त्यात सूर्य, चंद्र आणि केतूही धरले होते, आपल्याकडे पाहुणे मोजताना असंच करतात), म्हणजे जग संपणार. देशभर होमहवन चाललेले. अण्णांच्या वडिलांनी खालच्या वाण्याला सांगितलं की उधारी आता ६ तारखेला देतो. वाणीही वस्ताद, म्हणाला ठीक आहे, पण मग साखरही ६ तारखेलाच. आजीने मात्र वर्षभराच्या लोणच्याची बरणी फोडली आणि पोरांना सांगितलं खा हवं तेवढं. पाचची रात्र गेली, सहा उजाडली, जग जागेवर, लोणचं संपलेलं आणि वाणी दारात.

मग १९७९ ला स्कायलॅब. अमेरिकेची अंतराळातली ती प्रयोगशाळा जुलैत खाली येणार होती आणि नक्की कुठे ते त्यांनाही सांगता येत नव्हतं, त्यामुळे ती आपल्याच डोक्यावर पडणार याबद्दल गिरगावात एकमत होतं. अण्णांची मुलगी बघायला जायची तारीख त्याच आठवड्यात होती. घरच्यांनी निरोप पाठवला, पडली की मग येतो. ती पडली हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात, आणि तिथल्या एस्परन्स नावाच्या गावाने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड लावला. हे मला फार आवडतं. आकाशातून लोखंड कोसळतंय आणि तिथला कोणीतरी पावती फाडतोय. अण्णा पुढच्याच रविवारी पोहे खायला गेले. काकू आजही म्हणतात, ते संकट तिकडे समुद्रात पडलं असं पेपरात आलं होतं पण माझ्या मते ते आमच्या घरी आलं.

त्यानंतर २०००, मग २००८ ला जिनिव्हाजवळचं ते मोठं यंत्र सुरू होऊन कृष्णविवरात सगळे जाणार होतो, मग २१ डिसेंबर २०१२ ला माया लोकांचं कॅलेंडर संपत होतं. माझ्या घरचं तर दर ३१ डिसेंबरला संपतं, नवीन आणून त्याच खिळ्याला लावायचं, एवढं साधं त्या लोकांना कोणी सुचवलं नाही.

पण आता मूळ मुद्दा, कुरडया.

माझी आई दर मे महिन्यात कुरडया घालते आणि या बाबतीत ती फक्त पंचांग मानते. मृग लागतं ७-८ जूनला, मुंबईत पावसाची नेहमीची तारीख हवामान खात्याच्या हिशोबानेही ११ जून. म्हणजे मेचा शेवट हा सेफ. २०२३ ला तर पाऊस २५ जूनला आला होता, दिल्लीत आणि मुंबईत एकाच दिवशी, तेव्हा कुरडया वाळून कडकडीत होऊन डब्यात गेल्या तरी आम्ही आभाळाकडे बघत बसलेलो. तोच भरवसा धरून तिने २०२५ च्या मेमध्ये गहू भिजत घातले. वळीव पडून गेला होता, मी म्हटलंही आई जरा थांब, तर म्हणाली वळीव तो, दोन दिवसांत जाईल.

तीन दिवस गहू भिजवा, रोज पाणी बदला, मग वाटा, पिळा, चीक काढा, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओता, पहाटे पाचला तो चीक हिंग मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात हाटत राहा, गुठळी होता कामा नये. हाटायचं काम माझ्याकडे. शर्यतीच्या होडीला वल्हं मारल्यासारखे खांदे भरून येतात, पण शेवटी वाटीभर गरम चीक आणि वर कच्चं तेल मिळतं, त्यासाठी मी अजून दहा प्रलय सहन करेन. मग गच्चीवर प्लॅस्टिक अंथरून त्यावर आईची जुनी सुती साडी, सोऱ्यातून पांढऱ्या शुभ्र गोल गोल कुरडया, शंभरेक तरी असतील, आणि मी टाकीच्या सावलीत काठी घेऊन कावळे हाकलायला.

रविवार पार पडला. कुरडया वरून सुकल्या, आत ओल्या. आई म्हणाली उद्याचं एक ऊन मिळालं की झालं.

उद्या म्हणजे सोमवार, २६ मे २०२५. त्या दिवशी मुंबईत मान्सून दाखल झाला. आधीचा सगळ्यात लवकरचा दिवस २९ मे होता, १९५६ चा, तो मोडायला याला नेमकी आमचीच गच्ची सापडली. सकाळीच असा काही कोसळला की मी, बायको, आई आणि वॉचमन चौघं चार टोकं धरून ती साडी जिन्यातून खाली आणतोय, कोणीतरी प्रेत उतरवतंय असं वाटून दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हात जोडले. कुलाब्याला त्या मेमध्ये पावसाने शंभर वर्षांहून जुना विक्रम मोडला हे नंतर कळलं. आमच्याकडे तेव्हा हॉल, बेडरूम आणि डायनिंग टेबल सगळीकडे कुरडया, तिन्ही पंखे पाचवर, मुलगी सोफ्याच्या हातावर बसून टोस्ट खातेय आणि मी छत्री शोधतोय कारण ऑफिसला जायचंय. छत्री सापडली नाही. कशी सापडणार, छत्र्या जूनमध्ये निघतात.

तिसऱ्या दिवशी घरात आंबूस वास सुटला. बायकोने हेअर ड्रायर लावून बघितला. अर्ध्या वाचल्या, अर्ध्यांवर काळे ठिपके आले. आई काही बोलली नाही, नुसती एकेक उचलून नाकाशी नेऊन दोन ढीग करत बसली, आणि मला पहिल्यांदा अण्णांचा राग आला, कारण इतके ग्रह, किरण, आस, यातल्या कोणीही कधी कुरडया खराब केल्या नव्हत्या. त्या केल्या साध्या पावसाने.

संध्याकाळी अण्णा आलेच. आईने वाचलेल्यातल्या चार तळून पुढे ठेवल्या. अण्णा एक मोडत म्हणाले, "हे काहीच नाही. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस नावाचा लघुग्रह येतोय. शुक्रवार आहे."

मी म्हटलं अहो आदळणार नाहीये तो, शास्त्रज्ञांनी तपासलंय, साधारण ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. अण्णांनी माझ्याकडे फार दयेने बघितलं.

आई सोऱ्या पुसत होती. "एप्रिलात ना? नक्की तेरालाच?"

"तेराच," अण्णा म्हणाले.

"मग त्या वर्षी मार्चमध्येच घालू," असं म्हणून तिने सोऱ्या माझ्या हातात दिला, माळ्यावर टाक म्हणून. स्टुलावर चढलो, स्वेटरची पिशवी बाजूला सारली तर मागे छत्री.