काळी आधी रुसते

रविवारी दुपारी चार वाजता किल्ली फिरवली. गाडी 'टक्' म्हणाली. पुन्हा फिरवली, तर 'टक्‌टक्‌टक्', म्हणजे कोणीतरी पाल चुकचुकवावी तसं. आमच्या सोसायटीत बॉनेट उघडलं की त्या आवाजाने माणसं खाली येतात. तळमजल्यावरचे काका लेंग्यावरच आले आणि मल्टिमीटर टेकवून म्हणाले, "साडेअकरा व्होल्ट. निरोगी बॅटरी बारा पॉइंट सहा दाखवते. किती वर्षांची?"

"साडेचार."

"मग तिने तुझ्यावर उपकारच केले म्हणायचे."

मेकॅनिकला फोन लावला, तर तो गावी जत्रेला गेलेला. काका म्हणाले, "दोन नट आणि एक पट्टी. त्याला मेकॅनिक कशाला?" या वाक्याने महाराष्ट्रात किती घरांतले मिक्सर, गिझर आणि फ्लशच्या टाक्या कायमच्या निकामी झाल्या असतील! पण मी फशी पडलो. दुकानात जाऊन ऐटीत '३५ची द्या' (म्हणजे ३५ अँपिअर-अवरची बॅटरी) म्हणालो आणि नऊ-दहा किलोचं ते धूड स्कूटरच्या पायापाशी उभं ठेवून, गुडघे फाकवून घरी आलो.

दहा नंबरचा पाना हातात घेतला, तशी काकांनी हातावर चापट मारली. "अंगठी काढ."

"लग्नातली आहे, काका."

"म्हणूनच. पाना आणि अंगठी मिळून प्लसवरून पत्र्याला टेकले ना, तर सोनं इस्त्रीसारखं तापतं. बोटासकट."

एकोणीस वर्षांत अंगठी तेवढीच राहिली, बोट वाढलं. साबण लावून ती निघाली तेव्हा बायको टॉर्च घेऊन खाली येतच होती. "बॅटरीसाठी अंगठी काढलीस? माझ्यासाठी कधी कणीक मळतानाही काढली नाहीस." मी अंगठी स्टीलच्या वाटीत ठेवली. ही वाटी लक्षात ठेवा.

आता आधी कोणती वायर सोडायची, प्लसची लाल की मायनसची काळी? काकांचं उत्तर वीजखात्यातल्या नोकरीइतकंच लांब होतं. सारांश असा की काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, म्हणजे अख्खी गाडीच मायनस. काळी तशीच ठेवून लालचा नट सोडवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक पत्र्याला लागलं, की ठिणग्यांची आतषबाजी. त्यात बॅटरीतून हायड्रोजनही सुटत असतो, म्हणून विडी-काडी लांब. काळी आधी काढली की पाना पत्र्याला कुठेही लागो, सर्किटच पुरं होत नाही. लावताना उलटं: लाल आधी, काळी शेवटी.

"म्हणजे वरमाय," बायको म्हणाली. "आधी रुसते, शेवटी मानते."

काका अर्धा तास जे सांगत होते ते चार शब्दांत संपल्यामुळे जरा हिरमुसले.

काळी सुटली, लाल सुटली, पट्टी निघाली. जुनी बॅटरी उचलताना कमरेतून जो आवाज आला तो गाडीच्या 'टक्'शी मिळताजुळता होता. नवी बसवली. लाल वायर ओढली, तर चार बोटं कमी! नव्या बॅटरीचा प्लस होता डावीकडे, माझी वायर यायची उजवीकडून. वायर ताणून बघायचा मोह झाला, हे कबूल करतो.

दुसऱ्या फेरीत जुनीही नेली, तीही उभीच, आतलं ॲसिड सांडू नये म्हणून. दुकानदाराने दोन्ही शेजारी ठेवल्या. "साहेब, एल आणि आर असतं. चपलेला बघता ना डावी-उजवी?" बदलून दिली आणि जुनीचे पैसेही वळते केले. आत शिसं असतं, त्यामुळे तिला मेल्यावरही किंमत. माझ्या बाबतीत तसं काही होईलसं वाटत नाही.

परत येईतो अंधार पडला होता. वायरींच्या क्लॅम्पवर मोरचुदासारखी हिरवट-निळी भुकटी साचली होती. काकांनी गरम पाणी आणि खायचा सोडा मागवला. जुन्या टूथब्रशने घासलं, फसफसून सगळं निघालं. क्लॅम्प पुसून कोरडे केले, ते घाण पाणी कोपऱ्यातल्या जाळीत ओतलं, बॅटरी बसवून पट्टी घट्ट केली. लाल लावली, काळी लावली. शेवटच्या क्षणी एक बारीक ठिणगी उडाली आणि मी सहा फूट मागे उडालो. क्लॅम्पवर व्हॅसलिन चोपडलं. एवढं लाडाने मी बाळाला पावडरही लावलेली नाही.

किल्ली फिरवली. पहिल्याच सेलला सुरू! काकांनी माझी पाठ थोपटली, वॉचमनने शिट्टी मारली. गाडीतलं घड्याळ तेवढं बारा वाजून शून्य मिनिटं दाखवत होतं.

"अंगठी घाल आता," बायको म्हणाली.

मी वाटीकडे पाहिलं. वाटी स्वच्छ होती. तळाशी सोड्याचा एक पांढरा थेंब.

सोड्याचं पाणी त्याच वाटीत कोणी कालवलं, यावर अजून एकमत झालेलं नाही. आम्ही तिघांनी मिळून जाळी उचलली. टॉर्चचे सेल कधीच संपले होते, म्हणून मी गाडी वळवून हेडलाइट जाळीवर टाकला, इंजिन बंद केलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांना काहीतरी गोल लागतंय असं वाटलं, तेवढ्यात मागून काका ओरडले,

"हेडलाइट बंद कर रे! बॅटरी उतरेल!"