भोगीच्या अक्षता आणि वासराची भाकणूक

परवा अकरावीच्या वर्गात नारळीकर सरांची ज्योतिषाची चाचणी सांगत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, राग मानू नका. पत्रिकेला तुम्ही खोटं म्हणता आणि भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता टाकायला जाता. हे कसं चालतंय ओ सर?"

ती म्हणत होती ते आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेबद्दल, म्हणजे गड्ड्याबद्दल. भोगीला तिथे संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात. तास संपला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून लिहितोय.

आधी ती चाचणी. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाकडे ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली एवढंच विचारलं. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे ४० पैकी साधारण १८. मी वर्गात प्रत्येकाला रुपयाचं नाणं ४० वेळा उडवायला लावलं. बहुतेकांचे छापे १७ ते २३ च्या आत. फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी लिहिले तसा वर्ग गप्प झाला.

पंचांगाशी माझं भांडण नाही. दाते पंचांग तर आपल्या सोलापुरातूनच निघतं, आणि त्यातली ग्रहणाची वेळ घड्याळ लावून बघावी. ते गणित आहे. भांडण आहे ते माझ्या भाचीचं ठरलेलं लग्न पत्रिकेतल्या चौथ्या स्थानातल्या मंगळाने मोडलं त्याच्याशी. साखरपुड्याची साडी अजून घडीसकट कपाटात आहे. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं यातल्या कुठल्याही स्थानी मंगळ असला की माणूस मंगळाचा. बारातली पाच घरं! म्हणजे रिक्षात मागे तिघं बसलेत, तर त्यातला एखादा मंगळाचा असणारच म्हणा.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. १९७५ साली १८६ शास्त्रज्ञांनी ज्योतिषाविरुद्ध पत्रकावर सह्या केल्या. नवसाविरुद्ध तशा सह्या कुणी गोळा केल्याचं मला आठवत नाही. ज्योतिषाला खोटं म्हणायला फारसं धाडस लागत नाही. देवाच्या नावाने केलेला दावा तपासायला लागतं, आणि तिथे आम्ही विज्ञानवाले "श्रद्धेचा प्रश्न आहे" म्हणून मान खाली घालतो. हे मला पटत नाही. अमेरिकेत बायपासच्या १,८०२ रुग्णांवर प्रार्थनेचा परिणाम तपासला, २००६ साली निकाल आला. फायदा दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली. हे तपासलं म्हणून देवाचा अपमान झाला असं मला वाटत नाही. शेजारच्या काकूंनी अंगाऱ्यावर भरवसा ठेवून बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या, तेव्हा मीही गप्प बसलो नाही.

मग अक्षता का टाकतो? कारण तिथे मी जगाबद्दल कसलाच दावा करत नाही. सात नंदीध्वज म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या येतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं घामाने भिजलेली असतात, 'हर्र बोला हर्र' उठतं आणि लाखो हात एकदम वर जातात. माझे वडील मला खांद्यावर घेऊन तिथे उभे असायचे. त्यांच्या मुठीतल्या अक्षता ते माझ्या मुठीत ओतायचे. बाराव्या शतकातले शिवयोगी, आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी माणसं जमवून तलाव खोदला, अशी आपल्याकडची धारणा. त्या माणसापुढे माझे हात जोडले जातात. यात तपासायचं काय?

पण त्याच गड्ड्यात होमाच्या रात्री भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, पुढे धान्य, गूळ मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बिथरतं का, यावरून पाऊसपाणी आणि महागाई सांगतात. हे भविष्य आहे. इथे देव आहे म्हणून सूट मिळणार नाही. पुण्याच्या त्या पत्रिकांना लावली तीच फूटपट्टी इथे. माझ्याच गावची, माझ्याच दैवताची जत्रा आहे, म्हणून तर मी आधी लावली पाहिजे. इतकी वर्षं लावली नव्हती, हे त्या मुलीने दाखवून दिलं.

तिला मी एक वही दिलीय. यंदाच्या भाकणुकीचं कात्रण तिने पहिल्या पानावर चिकटवलंय आणि खाली रकाने आखलेत: जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.